नवे लंबरदार

गेल्या पावसाळ्यांतील एका सायंकाळीं भंडारा येथील आमच्या घरीं मोठी धांदल उडाली. घरांतील एक वडील गृहस्थ शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झाल्यापासून आपला सारा पत्रव्यवहार संगणकावर करीत असतात. त्यांस अशी सूचना आली कीं, त्यांची पत्रपेटी कांहीं क्षणांपूर्वीं मुंबईहून उघडण्यांत आली आहे. मुंबईस त्यांचें जाणें तीन वर्षांत झालेलें नव्हतें. कोणा चोरानें किल्ली पैदा केली असें समजून त्यांनीं प्रथम पासवर्ड बदलला, मग बँकेस कळवून खातें बंद करविलें, आणि निवृत्तिवेतन काढण्याचा दिवस आला तेव्हां तेंच खातें पुन्हां उघडण्यासाठीं भर पावसांत हेलपाटे घातले. पुढें शोध केला तेव्हां कळलें कीं, मुंबईचा तो चोर म्हणजे ते स्वतःच होत. वैनगंगेकांठच्या ह्या गांवीं आपल्या खुर्चींत बसून त्यांनींच आपली पेटी उघडली होती; परंतु ज्या कंपनीच्या तारेवरून त्यांची विनंति गेली त्या कंपनीचें जगाकडे उघडणारें दार मुंबईस होतें. जगानें दार पाहिलें. दारामागचा माणूस त्यास दिसला नाहीं.

माणूस एका गांवीं असावा आणि जगाच्या दप्तरांत त्याची नोंद दुसऱ्या गांवीं व्हावी, हा प्रकार आज आपल्यापैकीं बहुतेकांच्या बाबतींत रोज घडत असतो आणि त्यांस त्याची वार्ताहि नसते. कित्येक जण तो जाणूनबुजून घडवितात, कांहीं चांगल्या हेतूनें, कांहीं वाईट. ह्यासाठीं जें साधन मुद्दाम योजिलें जातें त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा व सही करणारा. आमच्या गृहस्थांचे कपडे भिजले, एवढ्यावर त्यांची सुटका झाली. परंतु क्रमांक आणि माणूस यांच्या ह्याच गोंधळापायीं एका निरपराध मनुष्यास पुण्याच्या तुरुंगांत सुमारें ५० दिवस काढावे लागले आहेत. तेव्हां हा विषय केवळ यंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस तो समजावून देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि त्या दशकांतील जमाबंदींत येथील गांवांवर मालगुजारांचा मालकी हक्क कायम करण्यांत आला. गांवांत कुळें शंभर असोत कीं दोनशें, सरकारच्या खतावणींत त्या गांवापुढें नांव असे तें मालगुजाराचें. जेथें मालगुजारीचे हिस्सेदार अनेक, तेथें सर्वांच्या वतीनें सारा भरणारा व सरकारी हुकूम घेणारा एक इसम नेमला जाई, तो लंबरदार. हा शब्द ऐकावयास अगदीं देशी वाटतो, परंतु त्याच्या पोटांत इंग्रजी 'नंबर' दडलेला आहे. कलेक्टरच्या यादींत ज्याच्या नांवावर क्रमांक, तो लंबरदार! तहसिलींतून पाहणाऱ्यास तो क्रमांक दिसे. त्यामागें नांगर धरणारा कोण, आषाढांत गुडघाभर चिखलांत उभी राहून बांधींत रोवणी करणारी कोण, हें तेथून दिसत नसे, आणि सारा वेळेवर आला म्हणजे पाहण्याची गरजहि पडत नसे. ही पद्धत १९५१ सालीं कायद्यानें संपली. मालगुजारांचे तलाव तेवढे राहिले, आणि 'माजी मालगुजारी'चीं आद्याक्षरें जुळवून लोक आजहि त्यांस मामा तलाव म्हणतात. इंटरनेटवर मात्र लंबरदारी नव्यानें बसली आहे, आणि ती कोणा राजाच्या हुकुमानें नव्हे, तर क्रमांकांच्या टंचाईनें.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास क्रमांक लागतो, कारण उत्तर कोठें धाडावयाचें हें त्यावरून ठरतें. १९८१ सालीं जी क्रमांकपद्धति ठरली तींत एकंदर क्रमांक सुमारें ४२९ कोटि होतात. त्या वेळीं जाळ्यांत जोडलेले संगणक कांहीं शेंकडेच होते, तेव्हां हा साठा कल्पांतापर्यंत पुरेल असें वाटलें असल्यास नवल नाहीं. तो तीस वर्षेंहि पुरला नाहीं. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती संस्थेजवळचे शेवटचे गठ्ठे वांटून झाले, आणि त्याच वर्षीं १५ एप्रिलपासून आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणीसंस्था उरलेसुरले क्रमांक दुष्काळांतील धान्याप्रमाणें मोजून मापून देऊं लागली. ही वेळ येणार हें जाणत्यांस आधींच दिसलें होतें. १९९४ सालीं अशी युक्ति प्रसिद्ध झाली कीं, घरांतील किंवा कचेरींतील सर्व यंत्रांनीं आपसांत खाजगी क्रमांक वापरावे, आणि दाराशीं एकच यंत्र असें ठेवावें कीं ज्याजवळ जगांत चालणारा क्रमांक आहे. आंतील प्रत्येकाचें पत्र त्यानें आपल्या क्रमांकानें बाहेर धाडावें, आलेलें उत्तर ज्याचें त्यास द्यावें. आपल्या घरच्या राऊटरनें मोबाइलला दिलेला १९२.१६८ नें सुरू होणारा क्रमांक हा असाच घरगुती आहे; तो साकोलींतील घरांतहि असतो आणि सॅन फ्रान्सिस्कोमधील घरांतहि. पुढें कंपन्यांनीं हीच युक्ति घरापुरती न ठेवतां सबंध वस्त्यांस लावली, आणि २०१२ सालीं तिच्यासाठीं क्रमांकांचा एक खास पट्टा राखून ठेवण्यांत आला. म्हणजे घराचा लंबरदार राऊटर, आणि राऊटरांचा लंबरदार कंपनी. नवी, अफाट मोठी क्रमांकपद्धति निघाली आहे व आपल्या देशांत ती पुष्कळ रुळलीहि आहे. पण जुनी अद्याप गेलेली नाहीं, आणि जोंवर ती आहे तोंवर एका क्रमांकाआड शेंकडों घरें नांदत राहणार.

येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला; भंडाऱ्याचा ४४१९०४. त्यांतील आंकडे पाहून टपालखात्याचा माणूस विभाग व जिल्हा सांगूं शकतो, कारण तो क्रमांक मुळीं जमिनीवर बसविलेला आहे. इंटरनेटचा क्रमांक जमिनीवर बसविलेला नाहीं. तो संस्थेस मिळतो, आणि संस्था तो आज गोंदियास वापरील, उद्यां गुहागरास. तेव्हां क्रमांकावरून गांव सांगणारे जे कोश आज वापरांत आहेत ते सारे अनुमानाचे ग्रंथ होत. त्यांच्याविषयीं पुढें बोलूं.

मुखत्यार यंत्राची कुळकथा १९९४ सालच्याच आसपासची आहे. जिनेव्हाजवळील सर्न ह्या अणुविज्ञानसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं वर्ल्ड वाइड वेब निर्माण केलें हें सर्वश्रुत आहे. त्याच संस्थेंत आरी लुओतोनेन ह्या फिनिश तरुणानें तेथील सर्व्हरला मुखत्यारीचें काम शिकविलें, आणि इंटेल कंपनीच्या केव्हिन अल्टिस यांच्यासह त्याविषयींचा निबंध १९९४ च्या मे महिन्यांत जिनेव्हास भरलेल्या पहिल्या वेबपरिषदेपुढें ठेवला. हेतु लपवाछपवीचा नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांनीं व प्रयोगशाळांनीं परक्यांच्या भयानें आपल्या जाळ्यांभोंवतीं कोट बांधले होते. परका आंत येऊं नये म्हणून बांधलेल्या कोटानें घरचा माणूसहि बाहेर जाईनासा झाला. तेव्हां वेशीवर एक विश्वासू कारभारी बसविला, तो हा. त्याचा दुसरा उपयोग काटकसरीचा. एकानें मागितलेलें पान कारभाऱ्यानें आपल्याजवळ ठेवून द्यावें आणि दुसऱ्यानें तेंच मागितल्यास साता समुद्रांपलीकडे न जातां तेथूनच द्यावें. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां दूरध्वनीच्या तारेवरून एक चित्र उतरावयास चहाचा पेला संपावा लागे. अशा काळीं ह्या साठवणुकीचें मोल मोठें होतें, आणि १९९६ सालीं निघालेल्या स्क्विड नांवाच्या मोफत प्रॉक्सीनें पुष्कळ महाविद्यालयांच्या संगणकशाळा चालविल्या. म्हणजे आज जें साधन पळवाट म्हणून ओळखलें जातें तें जन्मलें पहारेकरी व कोठावळा म्हणून.

आतां त्याचें काम प्रत्यक्ष कसें चालतें तें पाहूं. तुमसर येथील एखाद्या विद्यार्थ्यास लंडनमधील ग्रंथालयाचें एक पान पाहावयाचें आहे असें धरूं. मुखत्यार नसेल तर त्याचा संगणक थेट ग्रंथालयाच्या संगणकास लिहितो: अमुक पान पाठवा, आमचा क्रमांक अमुक. मुखत्यार नेमला असेल तर तीच विनंति प्रथम त्याच्याकडे जाते. तो ती वाचतो, परवानगी आहे कीं नाहीं तें पाहतो, पान आपल्या संग्रहीं आहे कीं काय तें शोधतो, आणि नसल्यास ग्रंथालयास नवें पत्र लिहितो. ह्यांतील 'नवें' हा शब्द महत्त्वाचा आहे. टपालाचा शिपाई आपलें पत्र पुढें नेतो, पण पाठविणाराचें नांव आपलेंच राहतें. मुखत्यार आपलें पाकीट फोडून आंतील मागणी स्वतःच्या सहीच्या पाकिटांत घालतो. ग्रंथालय उत्तर धाडतें तें त्या सहीच्या धन्यास. आणि तो, हें काम कोणाचें होतें हें आपल्या वहींत पाहून, तें तुमसरला पोंचतें करतो. ग्रंथालयाच्या दप्तरांत तुमसर कोठेंहि नसतें. मुखत्यार सिंगापुरांत बसला असेल तर वाचकहि सिंगापूरचा ठरतो.

मुखत्यारांतहि जाती आहेत. कांहीं प्रामाणिकपणें पाकिटावर टीप लिहितात कीं, हें काम अमक्या क्रमांकाच्या अशिलाचें आहे. कांहीं अशिलाचें नांव गाळतात. आणि कांहीं तर आपण मुखत्यार आहों हेंहि कळूं देत नाहींत. मात्र ती टीप कोणासहि खोटी लिहितां येते, सबब शहाणा सर्व्हर तिच्यावर भिस्त ठेवीत नाहीं. पत्रांतील मजकूर मुखत्यार वाचतो कीं काय, हा प्रश्न वेगळा. मागणी उघड्या कार्डावर असेल तर तो अक्षरन् अक्षर वाचूं शकतो, हवें तर बदलूंहि शकतो. आज बहुतेक स्थळें मोहोरबंद पत्रें वापरतात, तेव्हां त्यास एवढेंच कळतें कीं अशिलाचें अमक्या स्थळाशीं कांहीं काम आहे. व्हीपीएन म्हणून ज्याची जाहिरात सर्वत्र दिसते तें ह्याच घराण्यांतील थोरलें भावंड होय: प्रॉक्सी बहुधा एका कामापुरता मुखत्यार, व्हीपीएन म्हणजे सबंध यंत्राचें सर्वाधिकारपत्र. मोफत मुखत्याराविषयीं आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. जो फी घेत नाहीं आणि आपलीं सर्व पत्रें हाताळतो, त्याचा चरितार्थ कशावर चालतो हें विचारल्याशिवाय त्याच्या हातीं दमडीचें काम देऊं नये.

आतां त्या अनुमानग्रंथांकडे वळूं. क्रमांकावरून गांव ओळखणाऱ्या कंपन्या नोंदणीचे कागद पाहतात, कोठून कोणतें यंत्र किती वेळांत उत्तर देतें हें मोजतात, लोकांनीं स्वतः भरलेले पत्ते जमा करतात, आणि ह्या सर्वांवरून एक ठिकाण लिहितात. देश बहुधा बरोबर येतो. शहर पुष्कळदां चुकतें. भंडाऱ्याच्या जागीं नागपूर किंवा मुंबई येणें हें तर नित्याचेंच. पण कांहींच कळलें नाहीं म्हणजे काय लिहितात? एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीनें, क्रमांक अमेरिकेंतला आहे एवढेंच ठाऊक असलें म्हणजे, देशाच्या मध्याजवळचा ३८ उत्तर अक्षांश व ९७ पश्चिम रेखांश हा सोपा पूर्णांकी बिंदु लिहावा असें ठरविलें. तो बिंदु कॅन्सस प्रांतांतील एका शेतवाडीवर पडला. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या एका वाडीच्या नांवें जमा झाले, आणि जवळजवळ दहा वर्षें पोलीस, करवसुलीचे अंमलदार, हरवलेल्या माणसांचे नातेवाईक व चोरीचा माल शोधणारे त्या घराचा दरवाजा ठोठावीत राहिले. घरच्या बिचाऱ्यांस कारण ठाऊक नव्हतें. २०१६ सालीं एका वार्ताहर बाईंनीं तें शोधून काढलें, तेव्हां कंपनीनें बिंदु उचलून एका तलावांत टाकला! आमच्या जिल्ह्यांत तलावांस तोटा नाहीं. असा प्रसंग येथें आल्यास सोय होण्यासारखी आहे.

मुखत्याराला सर्व झांकतां येतें असें मात्र नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो, म्हणजे एका मिलिसेकंदांत शंभर किलोमीटर जाऊन परत येतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तेथल्या यंत्राचें उत्तर मिलिसेकंदाच्या आंत येणें शक्य आहे. न्यूयॉर्कचें उत्तर सव्वाशें मिलिसेकंदांच्या आंत येणें सृष्टिनियमांतच बसत नाहीं. तेव्हां आपण न्यूयॉर्कचे म्हणून मिरविणारा परंतु प्रत्येक प्रश्नास उशीरानें उत्तर देणारा अशील चाणाक्ष सर्व्हरच्या नजरेंत भरतो. त्याच्या यंत्राचें घड्याळ भारतीय वेळ दाखवीत असतें, त्याच्या अक्षरांची भाषा मराठी असते, खिशांतील मोबाइल तर उपग्रहांवरून आपली गल्लीहि जाणत असतो. वेष पालटून हिंडणाऱ्याच्या पायांत जुन्याच वहाणा असाव्यात तसें हें आहे.

स्थान झांकण्याची गरज यंत्रांनीं निर्माण केली असें समजण्याचें कारण नाहीं. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईंत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता व त्यांचे सोबती ४२.३४ मीटरवर बोलत. आपण कोठून बोलतों हें सांगतांना 'हिंदुस्थानांतील कोठून तरी' एवढेंच सांगत, आणि पोलिसांची दिशाशोधक गाडी जवळ येते असें वाटलें कीं बिऱ्हाड हालवीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं ते पकडले गेले. येथें जागा लपविणारे देशभक्त होते आणि शोधणारे परके सरकार होतें, म्हणून आपली सहानुभूति आपोआप एका बाजूस जाते. पुढील तीन प्रकरणांत ती इतकी सहज कोणत्याच बाजूस जाणार नाहीं.

पहिलें २००७ सालचें. ऑर्कुट नांवाच्या तत्कालीन स्थळावर शिवछत्रपतींविषयीं हीन मजकूर प्रसिद्ध झाला आणि पुण्यांत त्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. क्रोध येणें स्वाभाविक होतें. पोलिसांनीं मजकूर टाकणाऱ्याचा क्रमांक मिळविला आणि तो ज्या कंपनीचा होता तिला विचारलें कीं, त्या वेळीं हा क्रमांक कोणाकडे होता. कंपनीकडून जें नांव आलें तें बंगळुरांतील एका संगणक अभियंत्याचें. त्यास ऑगस्टच्या अखेरीस घरून उचलून पुण्यास आणलें आणि येरवड्याच्या तुरुंगांत ठेवलें. सुमारें ५० दिवसांनीं उघडकीस आलें कीं उत्तर चुकलें होतें. त्या क्षणीं तो क्रमांक त्याच्याकडे नव्हताच. वाचकांनीं येथें थांबून विचार करावा. क्रमांक आज माझा, तासाभरानें शेजाऱ्याचा. मग 'हा कोणाचा' हा प्रश्न वेळ सांगितल्याशिवाय निरर्थक असतो. आणि वेळहि कोणती? सकाळची कीं रात्रीची, भारतीय कीं ग्रीनिच? पुष्कळ सर्व्हर आपल्या वह्या ग्रीनिचच्या वेळेनें लिहितात, ती आपल्याहून साडेपांच तास मागें. साडेपांच तासांची चूक झाली कीं घर बदलतें आणि घराबरोबर आरोपीहि. हल्लीं एका क्रमांकाआड शेंकडों घरें असल्यामुळें वेळेबरोबर पोर्ट म्हणून जो पोटक्रमांक असतो तोहि विचारावा लागतो. जुन्या दप्तरांत लंबरदाराचें नांव वाचून कुळास बेड्या घालाव्यात, आणि कुळहि शेजारच्या गांवचें निघावें, तसा हा प्रकार झाला.

दुसरें प्रकरण २००८ च्या जुलैचें. २६ तारखेस अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांस धमकीचें पत्र आलें. क्रमांकाचा माग नवी मुंबईंतील एका घरापर्यंत लागला. तेथें राहत होता एक अमेरिकन गृहस्थ. त्याच्या घरच्या वायफायला कुलूप नव्हतें, आणि पत्र पाठविणाराने त्याच्या उघड्या दाराचा उपयोग केला होता. चौकशीचें शुक्लकाष्ठ मात्र गृहस्थाच्या मागें लागलें. ह्या गृहस्थानें कोणाचें मुखत्यारपत्र घेतलें नव्हतें. न विचारतां त्यास मुखत्यार केलें गेलें. पुढील धमकीच्या पत्रांसाठीं असेंच मुंबईंतील एक महाविद्यालय व चेंबूरमधील एक कंपनी यांचें जाळें वापरलें गेलें, आणि २००९ सालीं दूरसंचार खात्यास वायफाय सुरक्षित करण्याविषयीं सूचना काढाव्या लागल्या.

तिसरें त्याच वर्षाच्या २६ नोव्हेंबरचें. मुंबईंत हत्याकांड चालू असतां मारेकऱ्यांस सूचना देणारे आवाज पाकिस्तानांत होते. पण त्यांच्यापुढें जे क्रमांक येत ते ऑस्ट्रियाचे, ज्या कंपनीकडे हें इंटरनेट-दूरध्वनीचें खातें होतें ती अमेरिकेंतील न्यू जर्सीची, आणि तिला पैशांचा एक हप्ता गेला तो इटलींतील ब्रेशिया शहरांतून. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रांत सर्वोच्च न्यायालयानें ह्या साखळीची सविस्तर चर्चा केली आहे. एवढे पडदे लावूनहि आवाज ऐकले गेले, ध्वनिमुद्रित झाले आणि पुराव्यांत आले, कारण तपास करणारे क्रमांकाच्या गांवावर न थांबतां तार, पैसा आणि भाषा अशा तिन्ही वाटांनीं मागें मागें गेले. पुण्याच्या प्रकरणांत क्रमांकाच्या उत्तरावर सारें थांबलें होतें.

पडद्यांची ही परंपरा सद्हेतूनेंहि चालली आहे आणि तिचा इतिहास मुखत्यारापेक्षां जुना आहे. डेव्हिड चॉम यांनीं १९८१ सालीं अशी योजना मांडली कीं, पत्र एकामागून एक अशा अनेक मध्यस्थांच्या हातून जावें आणि प्रत्येकानें एकच पाकीट फोडावें. तिचें मोल १९९६ सालीं कळलें. फिनलंडमध्यें योहान हेलसिंगियस ह्या गृहस्थानें १९९३ पासून निनांवी पत्रें पोंचविणारी एक मोफत सेवा चालविली होती. लाखों लोकांनीं तिचा आश्रय घेतला, त्यांत आपलें दुःख स्वतःच्या नांवानें बोलूं न शकणारेहि पुष्कळ होते. पण सर्वांचीं खरीं नांवें एकाच वहींत, आणि वही एकाच माणसाजवळ. न्यायालयानें ती उघडण्यास सांगितलें, तेव्हां १९९६ च्या ऑगस्टांत त्यानें दुकान बंद केलें. मुखत्यार कितीहि सज्जन असला तरी त्याची वही सज्जन नसते! अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत त्याच सुमारास जी कांद्याच्या पापुद्र्यांची पद्धत निघाली आणि जी २००२ पासून टॉर ह्या नांवानें लोकांपुढें आली, तिनें ह्या वहीचे तीन तुकडे केले. पहिल्या मध्यस्थास अशील ठाऊक, पण त्याचें काम ठाऊक नाहीं. तिसऱ्यास स्थळ ठाऊक, पण अशील ठाऊक नाहीं. मधल्यास दोन्ही नाहींत. तिचा उपयोग वार्ताहर करतात, छळ झालेल्या स्त्रिया करतात, आणि मादक द्रव्यांचे व्यापारीहि करतात. पडद्यास ते ओळखतां येत नाहींत.

आपल्या सरकारनें ह्या बाबतींत वहीवरच बोट ठेवलें. २८ एप्रिल २०२२ रोजीं सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेनें निर्देश काढले कीं, व्हीपीएन चालविणाऱ्यांनीं अशिलाचें नांव, पत्ता, दिलेले क्रमांक व सेवा घेण्याचा हेतु यांची नोंद ठेवावी आणि अशील सोडून गेल्यावरहि ती पांच वर्षें जपावी. आमच्या मतें ह्या मागणीस पुण्याचें व मुंबईचें असें दोन्ही बाजूंचें कारण आहे. वही नसेल तर अपराधी सुटतो हें खरें. पण वही असूनहि ती नीट वाचली नाहीं तर निरपराधी अडकतो, हें तितकेंच खरें, आणि वही नीट कशी वाचावी याविषयीं निर्देशांइतक्या तत्परतेनें कोणी बोलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परिणाम मात्र मौजेचा झाला. वहीच न ठेवण्याच्या वचनावर धंदा करणाऱ्या कित्येक परदेशी कंपन्यांनीं भारतांतील आपलीं यंत्रें काढून घेतलीं. एक्सप्रेस-व्हीपीएन ह्या कंपनीनें त्या जूनमध्यें जाहीर केलें कीं, ज्यांस भारतीय म्हणून दिसावयाचें आहे त्यांची सोय चालूच राहील. क्रमांक भारताचा राहील, यंत्रें तेवढीं सिंगापूर व इंग्लंड येथें असतील. म्हणजे भंडाऱ्याचा माणूस मुंबईचा दिसतो तो टंचाईमुळें, आणि सिंगापूरचें यंत्र भारताचें दिसतें तें कायद्यामुळें. खतावणींत गांव एक, जमिनीवर दुसरें.

हें सर्व आम्हीं आमच्या वडील गृहस्थांस एका रविवारीं समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि आपल्या आजोबांकडे लंबरदारी असतांनाच्या साऱ्याच्या पावत्या अद्याप माळ्यावर आहेत, त्यांवर कुळांचीं नांवें कोठेंच नाहींत, एवढेंच बोलले. परवां त्यांस पुन्हां सूचना आली. ह्या खेपेस गांव नागपूर होतें. त्यांनीं चष्मा कपाळावर सारून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें, आणि संगणकाशेजारीं ठेवलेल्या वहींत तारीख, वेळ व त्यापुढें 'भारतीय' असा शब्द लिहून ते पुन्हां आपलीं पत्रें वाचूं लागले.